एक तर बेड्यावरची, त्यात पॉझिटिव्ह

कळा सुरू झालेली बाई ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसली होती. सोबत सासू आणि कपड्यांची एक पिशवी. मी तेव्हा एका संस्थेतर्फे एचआयव्हीच्या कामावर होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या वीसेक गावांत फिरायचं, लोकांना तपासणीला आणायचं, गोळ्या सुटल्या त्यांना परत गोळ्यांवर आणायचं, असं ते काम. बाई आमच्या यादीतली होती. गरोदरपणात तपासणी झाली, तेव्हापासून रोज एक गोळी, एकही चुकवलेली नाही. तिला जे जे सांगितलं ते सगळं तिने केलं होतं. सिस्टरने केसपेपर पाहिला, त्यावर लाल शाईने गोल केला आणि टेबलाच्या कडेला सरकवला. "इथं नाही होणार. रेफर करा." का, म्हणून विचारलं. "व्यवस्था नाही." कसली व्यवस्था लागते, हे विचारल्यावर मात्र ती माझ्याशी बोललीच नाही. दुसऱ्या सिस्टरकडे पाहून, मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "एक तर बेड्यावरची, त्यात पॉझिटिव्ह."

बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. आमच्याकडे माणूस कुठला हे विचारलं तर नुसत्या गावाच्या नावाने भागत नाही. कोलाम असेल तर पोड, बंजारा असेल तर तांडा, पारधी असेल तर बेडा. पत्त्यातच जात येते. इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी अशा कितीतरी जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो कायदा गेला. गावात मोटारपंप चोरीला गेला तर पोलिसांची गाडी आधी कुठे जाते, हे आजही शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणजे ती बाई जन्मापासून "एक तर" होती. आजार पुष्कळ नंतर आला, "त्यात" बनून.

त्या दोन शब्दांवर मी नंतर बरीच वर्षं विचार केला. एचआयव्हीचा कलंक आणि जातीचा विटाळ हे आपण दोन प्रश्न धरून चालतो. एक आरोग्य खात्याचा, दुसरा समाजकल्याणचा. एकाला १ डिसेंबरचा एड्स दिन, दुसऱ्याला १४ एप्रिलची आंबेडकर जयंती. खेड्यात ही वाटणी टिकत नाही. वेगळा पेला, दुरून टाकलेली भाकर, शेवटचा नंबर, हात न लावता केलेली तपासणी, हे सगळं आमच्या गावांत हा विषाणू यायच्या कितीतरी आधीपासून तयार होतं. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्ही सापडला. तो आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याच्यासाठी नवं काही घडवावं लागलं नाही. घरात ठेवलेलीच अवजारं बाहेर काढली गेली.

म्हणूनच मला त्या पोस्टरांचा राग येतो. 'हात मिळवल्याने एड्स होत नाही', 'एकत्र जेवल्याने एड्स होत नाही'. तीसेक वर्षं आपण हेच रंगवतो आहोत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, बसस्टँडच्या मुतारीवर. त्यामागचं गृहीत असं की लोकांना माहीत नाही म्हणून ते दूर राहतात. कळलं की जवळ येतील. पण चहाच्या टपरीमागे वळचणीला खोचून ठेवलेली ती वेगळी कपबशी आठवा. बौद्धपुऱ्यातल्या माणसाच्या कपातून रोग होतो असं टपरीवाल्याला कधीच वाटत नव्हतं. त्याला कोणी विज्ञान शिकवलं नाही म्हणून तो कप वेगळा होता, असं म्हणणं हा त्या कपातून चहा प्यालेल्यांचा अपमान आहे. विटाळ अज्ञानावर उभा नसतो. कोण वर आणि कोण खाली हे रोज, सगळ्यांदेखत, फुकटात सांगता यावं यासाठी तो असतो.

आणि त्या सिस्टरला काय माहीत नव्हतं? प्रशिक्षणं तिची माझ्यापेक्षा जास्त झालेली. एचआयव्हीबाधित बाईच्या बाळंतपणाला वेगळी खोली लागत नाही, हातमोजे आणि नेहमीची काळजी पुरते, ही काळजी प्रत्येकच बाळंतपणात घ्यायची असते, हे तिला पाठ होतं. दूषित सुई टोचली तर एचआयव्हीची लागण व्हायची शक्यता हजारात तीन, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी व्हायची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, हेही तिथल्याच एका प्रशिक्षणात मी तिच्या शेजारी बसून ऐकलं होतं. हिपॅटायटिसच्या केसपेपरवर मात्र मी लाल गोल कधी पाहिला नाही. गोळ्या नियमित चालू असतील आणि रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा झाला असेल, तर लैंगिक संबंधातूनही तो पुढे जात नाही, हे आता जगभर मान्य झालेलं आहे. ज्ञान सगळं होतं. बाई तरी सत्तर किलोमीटर गेली. १०८ यायला वेळ लागला, आणि बाळंतपण जिल्ह्याच्या अलीकडे रस्त्यातच झालं. बाळ सुखरूप आहे, ते पुढे सांगतो.

याच्या उलटची गोष्टही मला ठाऊक आहे, आणि माझा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. त्याच तालुक्यातल्या एका गावात चाळीस एकरांचा धनी, घरात दोनदा सरपंचपद, त्यालाही हाच आजार. तो गोळ्या नागपुरातून घेतो, स्वतःच्या गाडीने जातो. गावात विचाराल तर लोक म्हणतील, "पाटलाले शुगर हाय." सगळ्यांना शुगर म्हणजे काय ते माहीत आहे, म्हणणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. तरी लग्नाच्या पंगतीत त्याला आग्रह होतो, पारावर त्याच्या शेजारी जागा असते. विषाणू तोच, गोळीही तीच. गावाने त्याला स्वखुशीने एक शब्द दिला, आणि बेड्यावरच्या बाईच्या केसपेपरवर लाल गोल आला. स्पर्शाचं भय खरं असतं तर ते पाटलालाही लागू झालं असतं.

लपवायला पैसा लागतो, हे शहरात बसून कळत नाही. आमच्याकडे निंदणाची रोजी बुडवून गोळ्यांना जावं लागतं. वाटेत दोनदा बस बदलावी लागते, आणि केंद्रावर गावचंच कोणी भेटेल या धास्तीने बायका पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसतात. एसटीच्या साध्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनाही आहे. सवलत चांगली. पण ती घ्यायची तर कंडक्टरला कार्ड दाखवायचं, आणि कंडक्टर शेजारच्या गावचा, बसमध्ये निम्मं गाव. मी एका बाईला म्हटलं, तिकीट कशाला काढता, कार्ड दाखवा. ती म्हणाली, "भाऊ, तिकिटाचे चाळीस रुपये परवडते. कार्ड नाई परवडत." संजय गांधी निराधार योजनेचंही तसंच. महिना दीड हजार मिळतात, एचआयव्हीबाधितांचा त्यात समावेश आहे. पण अर्ज सेतूत भरायचा, आजाराचा दाखला जोडायचा, मग तलाठी, मग तहसील, मग समिती. इतक्या हातांतून कागद गेला की पैसे खात्यात यायच्या आधी बातमी गावात पोहोचते.

कुष्ठरोगाचा सगळा इतिहास आमच्या या मातीत आहे. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, १९४९ साली वरोऱ्याला बाबा आमट्यांनी उभं केलेलं आनंदवन. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत, हे शाळेत आम्ही सगळ्यांनी वाचलेलं. (परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते. ही गोष्ट सांगताना ते कोण होते हे आपण नावानिशी सांगतो. गावाबाहेर झोपडीत मेलेल्या शेकडोंची नावं कोणी लिहिली नाहीत, हे माझ्या मनातून जात नाही.) तर कुष्ठरोगावर १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, माणूस पूर्ण बरा होऊ लागला. तरीही १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून काढायला २०१९. औषध आलं म्हणजे डाग आपोआप पुसला जातो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वर्ध्याची चक्कर मारावी.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा त्या मानाने लवकर आला. २०१७ चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. वाचून पाहा, चांगला आहे. दवाखान्यात, नोकरीत, शाळेत, भाड्याच्या घरात भेदभाव करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी नाही. माणसाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय फोडायची नाही. सुनेला राहत्या घरातून हाकलता येत नाही. हे कलम तर आमच्याकडच्या विधवांसाठीच लिहिलंय असं वाटतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा. राज्याने लोकपाल नेमायचा, त्याने तीस दिवसांत निकाल द्यायचा, आणि वैद्यकीय आणीबाणी असेल तर शक्यतो चोवीस तासांत.

पण या कायद्यात जात नाही. दुसरीकडे अॅट्रॉसिटीचा कायदा आहे. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणं हा स्पष्ट गुन्हा ठरला. त्या कायद्यात आजार नाही. आता त्या बाईने तक्रार करायची तर कुठल्या कायद्याखाली? रुग्णालय म्हणणार, जातीचा काय संबंध, आजाराची केस होती म्हणून पुढे पाठवली. दुसरीकडे गेलात तर म्हणणार, आजाराचा भेद नाही हो, पेशंट स्वच्छता पाळत नाही, वस्तीच तशी. दोन दारं, आणि प्रत्येक दारावरचा माणूस दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. "एक तर" वेगळं आणि "त्यात" वेगळं सिद्ध करायला सांगितलं की ती हरली. तिला लागलेला घाव दोन्हींचा मिळून एक होता. मला वाटतं तक्रारीच्या अर्जातच दोन्ही रकाने एकत्र हवेत, आणि लोकपालापुढे जाणाऱ्या प्रत्येक प्रकरणात जातीचा प्रश्न विचारला जायलाच हवा.

इथे अमेरिकेकडे पाहावंसं वाटतं. आपल्या माणसांनी त्या आरशात आधीही पाहिलेलं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. तिकडे कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या बारा-तेरा टक्के आहेत, पण एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ते वंशानुसार मोजतात. आणि दवाखान्यावर त्यांचा विश्वास का नाही, हेही नोंदलेलं आहे. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. या आकड्यांमुळे तिथला अन्याय संपला, असं अजिबात नाही. पण 'आमच्याकडे तसं काही नाही' असं म्हणायची सोय तिथल्या अधिकाऱ्याला उरली नाही.

आपल्या अधिकाऱ्याला ती सोय पूर्ण आहे. देशात पंचवीस लाखांच्या आसपास बाधित, महाराष्ट्रात त्यांतले चार लाखांच्या जवळपास, म्हणजे राज्यांत सगळ्यात जास्त. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे हे अंदाज राज्यवार, वयानुसार, स्त्री-पुरुष असे मिळतात. जातवार मिळत नाहीत. मोजू नये म्हणणाऱ्यांचं कारण मी हलक्यात घेत नाही: उद्या आकडा आला आणि एखाद्या जमातीत जास्त निघाला, तर गाव म्हणेल, 'बघा, त्यांचाच आजार'. सिकलसेलचं आमच्याकडे हेच झालं. पूर्व विदर्भात कित्येक जण त्याला अजून अमुक-तमुक लोकांचा आजार म्हणतात, तेही लोकांदेखत. तरीही मी मोजण्याच्या बाजूने आहे. गावातल्या बाधितांची यादी कोणी मागत नाही, मागूही नये. केंद्रावर गोळ्या सुरू झाल्या त्यांपैकी वर्षभरात कोण सुटले, बाळंतपणं कोणाची पुढे पाठवली, एवढं जिल्ह्याच्या पातळीवर, नावांशिवाय, जमातवार काढा. माझ्या यादीत सुटणाऱ्यांत पोड आणि बेडा सतत वर असायचा, आणि मी ते वहीत लिहिलं होतं, पण माझ्या वहीला कोण विचारतो. कागदोपत्री त्यांच्यापुढे एकच शेरा असायचा: 'स्थलांतरित'. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला माणूस स्थलांतरित असतो, मान्य. ज्याला खिडकीवर 'तुमी लोक असेच' असं दोनदा ऐकून घ्यावं लागलं आणि जो तिसऱ्यांदा आला नाही, तोही त्याच शेऱ्यात जातो.

एक बाजू राहते, आणि ती लिहिताना मला त्रास होतो. दवाखान्यात हे ओझं खाली सरकत जातं. सिस्टर ड्रेसिंगला हात लावत नाही, ती मावशीला हाक मारते. मावशी म्हणजे सफाई कामगार, कंत्राटी, आणि तिची जात कुठली असेल हे मी सांगायला नको. मावशी फाटक्या हातमोज्यांनी, पुष्कळदा मोज्यांशिवाय, रक्ताचे बोळे उचलते, सुया टोचून घेते. सुई टोचली तर बहात्तर तासांच्या आत औषध सुरू करायचं असतं, हे मी ज्या मावशींना विचारलं त्यांतल्या एकीलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. २०१७ चा कायदा सुरक्षित कामाची, मोज्यांची, या औषधाची हमी कामावरच्या प्रत्येकाला देतो. त्यात झाडूवालीही येते. तरी धोका ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे वाटला जातो. एकदा वॉर्डात एक बाधित माणूस गेला. अंग गुंडाळायला कोणी पुढे येईना. शेवटी मावशीनेच गुंडाळलं, आणि नातेवाइकांकडून दोनशे रुपये घेतले. त्या दोनशे रुपयांवरून मग तिच्यावर लाचखोरीची चर्चा झाली. बाकीच्यांनी हात लावला नाही, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आणि आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. मी स्वतः बौद्धपुऱ्यातला आहे. माझ्याच वस्तीत नवरा गेलेल्या एका बाईचा सार्वजनिक नळावरचा नंबर शेवटी लावला गेला. लावणाऱ्यांच्या घरात चवदार तळ्याचा फोटो होता. मी बोललो तेव्हा एक काका म्हणाले, "तू हे त्यात नको आनू. ते वेगळं." पाण्याच्या लढाईची वारस असलेली वस्ती पाण्यावरूनच एका बाईला मागे ढकलते, आणि तिला ते वेगळं वाटतं. वरून मिळालेला विटाळ पुढे कोणावर तरी ढकलून मोकळं व्हायची ही ओढ किती खोल आहे, हे मला त्या नळावर कळलं. म्हणून 'वस्तीतलेच कार्यकर्ते नेमा, प्रश्न सुटेल' असं मी भाबडेपणाने म्हणणार नाही. नेमायला मात्र हवेत. बेड्यावरची, पोडावरची मुलगी समुपदेशकाच्या खुर्चीत, पगारावर, कायम. आज ती खुर्चीच कंत्राटी आहे, आणि तिच्यात बसणारा रुग्णालयातल्या कोणालाच दुखवू शकत नाही. मलाही दुखवता आलं नव्हतं.

व्यवस्था वाकत नाही असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हातात दिल्या गेल्या, कितीतरी ठिकाणी घरपोच गेल्या. त्या काळात माझ्या यादीतल्या पोडावरच्या माणसांपैकी एकाचीही गोळी सुटली नाही. त्यांना खिडकीवर यावं लागलं नाही, एवढंच त्याचं कारण.

ते बाळ. सहा आठवड्यांचं होईपर्यंत त्याला नेव्हिरापीन हे विषाणू रोखणारं औषध पाजलं, मग टाचेतलं रक्त कागदावर घेऊन पाठवलं, आणि अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह. आई तपासणीला त्याच रुग्णालयात आली होती, कारण दुसरं परवडत नव्हतं. लॅबच्या दारातून कंपाउंडरने नाव पुकारलं, पाठोपाठ मोठ्याने, "ते बेड्यावरचे कोन हाय?" ती उठली.

त्या दिवशी मी ऑफिसात गेलो आणि विचारलं, इथले एचआयव्ही कायद्याखालचे तक्रार अधिकारी कोण? बाबूने कपाटातली एक फाईल काढली, परत ठेवली, दुसरी काढली. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "असतीन कोनी तरी. पन तक्रार कोनाची हाय? आधी नाव सांगा, गाव सांगा."